दहा हजारांत कारागिराच्या हातचे वाटावेत असे तंबाखूचे पाइप मिळतील का?

ठाकूरद्वारकर

नमस्कार मंडळी. माझे आजोबा गोदीत नोकरीला होते. संध्याकाळी घरी आले की हातपाय धुऊन गॅलरीत पाइप घेऊन बसायचे. ते गेल्यावर तो पाइप माझ्याकडे आला. तोंडात धरायच्या काळ्या नळीवर त्यांच्या दातांचे दोन खोलगट ठसे आहेत, अंगठा फिरवला की जाणवतात. मी स्वतः तंबाखू ओढत नाही. पण त्या एका पाइपमुळे या वस्तूची ओढ लागली आणि त्याच्या शेजारी ठेवायला आणखी तीन-चार घ्यायचे आहेत, एकेक करून घडवलेले वाटतील असे. परदेशी कारागिरांच्या किमती बघितल्या, त्या माझ्या आवाक्यात नाहीत. सगळे मिळून १०,००० रुपये बाजूला काढलेत.

एकदा फसलोही आहे. 'हस्तनिर्मित ब्रायर' (ब्रायर म्हणजे पाइपचं खास लाकूड) म्हणून ऑनलाइन १,८०० ला एक मागवला, तंबाखू भरायच्या वाटीवर सिंहाचं तोंड कोरलेलं. ओल्या फडक्याने पुसला तर फडकं लालभडक. विक्रेता परत घ्यायला तयार नाही. आता जे घ्यायचं ते जाणकारांना विचारून. नेमकं काय बघायचं?

जुनी_लाकडं

ठाकूरद्वारकर, रंग सुटला म्हणजे कुठलंतरी साधं लाकूड वरून रंगवलेलं. यापुढे कोरीव काम बघून पाइप घेऊ नका. मी अकरा वर्षं जमवतोय, आज घरात ३४ आहेत आणि त्यातला एकही पाच हजारांच्या वरचा नाही. त्यामुळे तुमच्या पैशांत उत्तम पाइप येतात हे छातीठोकपणे सांगतो.

खरेदीला जाताना खिशात खराट्याची एक बारीक काडी ठेवा. पाइपच्या लाकडात दोन भोकं असतात. एक वाटीचं, वरून पाडलेलं. दुसरं धुराचं, वाटी आणि नळी जोडणाऱ्या दांड्याच्या बाजूने. ही दोन्ही लाकडाच्या पोटात, जिथे नजर पोचत नाही तिथे, एकमेकांना भेटतात. नळी काढा, दांड्यातून काडी घाला आणि वाटीत डोकावा. काडीचं टोक तळाशी, अगदी मधोमध यायला हवं. भिंतीतून वरच निघालं, तर त्याखालची तंबाखू नीट जळत नाही, ओली होऊन चिकटून राहते. तुम्ही ओढणार नसलात तरी हेच बघा. बाहेरून झिलई कुणीही करतो, घडवणाऱ्याचा हात या भोकात कळतो.

दुसरं लाकूड. ब्रायर म्हणजे भूमध्य समुद्राकाठी होणाऱ्या एरिका आर्बोरिया या झुडपाची गाठ. खोड आणि मुळं जुळतात तिथे ती वाढते आणि पाइपजोगी व्हायला काही दशकं जातात. ती आधी उकळतात, मग महिनोन्‌महिने सुकवतात. हे लाकूड विस्तवाला सहजी दाद देत नाही. वाटी उजेडात फिरवून बघा. एका बाजूला रेषा दिसतील, तिच्या काटकोनातल्या बाजूला पक्ष्याच्या डोळ्यांसारखे बारीक ठिपके. मध्येच एखादा मातकट, निस्तेज डाग दिसला तर तिथे खड्डा होता आणि लांबी (पुट्टी) भरून बुजवलाय. त्याने पाइप वाईट ठरत नाही, पण भाव पाडून मागायचा हक्क तुम्हाला मिळतो.

खरखरीत अंगाचे पाइप बघून नाक मुरडू नका. वाळूचा मारा केला की लाकडाचा मऊ भाग झडतो आणि कठीण वलयं उठून राहतात. ज्या गाठींत बारीकसारीक खोट असते त्यांना कारखाने बऱ्याचदा हेच करतात, म्हणून ते गुळगुळीत पाइपपेक्षा स्वस्त पडतात. पण प्रत्येकाचं अंग वेगळं. माझे सर्वांत लाडके चार याच जातीचे आहेत, हातात घेतले की झाडाची साल धरल्यासारखं वाटतं.

नावं सांगायची तर डेन्मार्कचे जुने स्टॅनवेल शोधा. आहेत कारखान्याचे, पण त्यांचे कित्येक आकार सिक्स्टन इव्हार्सनसारख्या नामवंत डॅनिश कारागिरांनी आखून दिलेले. तुम्हाला हवा तो घाट तिथे मिळेल. मिलानचं साविनेली १८७६ पासूनचं, डब्लिनचं पीटरसन १८६५ पासूनचं. नवे घ्याल तर कुरिअर आणि ड्यूटी धरून बजेट एकाच पाइपमध्ये संपायचं, म्हणून वापरलेलेच घ्या.

चोर बाजारातल्या मटन स्ट्रीटवर एका घड्याळवाल्याकडे चमच्यांच्या खोक्यात मला एक पाइप दिसला. नळी शेवाळी, वाटीच्या काठावर काजळीचा थर. पण नळीच्या टोकाचं भोक समोर नव्हतं, वरच्या अंगाला होतं. अशी नळी म्हणजे पीटरसन, असं मनात आलं आणि दांड्यावरचा शिक्का चष्मा वर करून वाचला: 'मेड इन द रिपब्लिक ऑफ आयर्लंड'. म्हणजे साधारण १९४९ नंतरचा. त्याने ३,००० सांगितले, दोन चहा होईस्तोवर घासाघीस केली आणि ९०० ला आणला.

ती शेवाळी नळी आपल्या फायद्याची. ती एबोनाइटची असते, म्हणजे गंधक घालून कडक केलेलं रबर, उन्हाने ते हिरवट-तपकिरी पडतं आणि विकणाऱ्याला वाटतं माल गेला. पाण्यात भिजवलेला ४०० नंबरचा पॉलिश पेपर, मग ६००, १०००, २०००. रविवारची अख्खी दुपार जाते, पण नळी आरशासारखी काळी होते. दांड्यावरच्या शिक्क्याला मात्र पेपर लावायचा नाही, तो पुसला की पाइपची ओळखच गेली.

आणि एक विनंती. आजोबांची नळी घासू नका. ते ठसे कुठल्याही बाजारात मिळणार नाहीत.

दादर_सुतारकाम

वरचं सगळं पटलं. मीरशॉमच्या मोहात लगेच पडू नका. ती तुर्कस्तानातल्या एस्किशेहिरकडची खनिज माती, हलकी आणि देखणी, पण ठिसूळ. हातातून सुटली की संपली. सवय झाल्यावर घ्या. बंद प्लास्टिकच्या डब्यात पाइप ठेवू नका, आपल्याकडच्या जूनमध्ये आठवडाभरात बुरशी धरते. उघड्या मांडणीवर, खिडकीच्या उन्हापासून लांब ठेवा.

ठाकूरद्वारकर

दोघांचे मनापासून आभार. लाकडं साहेब, नळीबद्दलचं वाचून काल रात्री घासायला काढलेला पेपर परत ठेवून दिला.

आज सकाळी चोर बाजारात गेलो. शुक्रवार असल्याने दुकानं बंद, पण रस्त्यावर पथाऱ्या मांडलेल्या. कुलपांच्या ढिगाजवळ एक खरखरीत, सरळ दांड्याचा पाइप मिळाला, ६५० ला. शिक्का अर्धा झिजलाय, 'स्टॅनवे' पर्यंत वाचता येतं. अडचण एकच, नळी दांड्यात घट्ट बसलीय, निघत नाही. त्यामुळे काडी घालून बघता आली नाही, तरी अंग बघून राहवलं नाही. जोर लावू का?

जुनी_लाकडं

अजिबात नको, खुंटी, म्हणजे नळीचं दांड्यात शिरलेलं टोक, आतच मोडेल. पावसाळी हवेने दांड्याचं लाकूड फुगलेलं असतं. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून अर्धा तास फ्रीजरमध्ये ठेवा. गारठ्याने नळी किंचित आकसते. बाहेर काढल्या काढल्या दांडा मुठीत धरून एकाच दिशेने, स्क्रू फिरवल्यासारखी हळू फिरवा. निघाली की खुंटीवर मऊ शिसपेन्सिल घासा, पुन्हा अडकणार नाही.

ठाकूरद्वारकर

पहिल्या खेपेला हलली नाही. दुसऱ्यांदा पाऊण तास ठेवला आणि 'टक्' आवाज करून सुटली. आत डांबरासारखी काजळी होती, ती काढायला तासभर गेला. मग खराट्याची काडी घातली. तळाशी आली, बरोब्बर मधोमध.