२०१८ चं कॉर्डोव्हा अ‍ॅप अपडेट केलं आणि फोनमधल्या दुधाच्या नोंदी गायब!

येरळाकाठ:
मी पोटापाण्यासाठी कोड लिहिणारा नाही, हे आधीच सांगतो. कॉलेजात असताना २०१८ साली मामांच्या दूध संकलनासाठी कॉर्डोव्हावर, म्हणजे वेबपानाचं मोबाइल अ‍ॅप करणाऱ्या साधनावर, एक अ‍ॅप केलं होतं. जेक्वेरी, एक एचटीएमएल पान आणि बाराशे ओळींची एकच जेएस (जावास्क्रिप्ट) फाइल. सभासद नंबर टाकला की लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) विचारतं, दरपत्रकावरून रक्कम काढतं आणि ब्लूटूथच्या छोट्या प्रिंटरवर पावती देतं. आता ११ गावांत चालतं. नोंदी फोनमध्येच, लोकलस्टोरेजमध्ये, म्हणजे वेबपानाला मिळणाऱ्या साठवणीत. दर दहा दिवसांनी बिलं काढायची वेळ आली की मामा सगळे फोन मागवून घेतात. हसू नका, आजवर एकाही सभासदाचा हिशेब चुकलेला नाही.

परवा एका केंद्रावरच्या काकांनी नवा फोन घेतला, तर प्ले स्टोअरवर अ‍ॅप दिसेचना. टार्गेट (अँड्रॉइडच्या कोणत्या आवृत्तीचे नियम लागू, तो आकडा) २७ वर राहिलेलं, म्हणून नव्या अँड्रॉइडवाल्यांना ते दाखवतच नाहीत. बसलो अपडेट करायला. दोन रात्री ग्रेडलच्या (अ‍ॅप बांधणाऱ्या साधनाच्या) लाल ओळी वाचण्यात गेल्या. शेवटी जेडीके १७ (जावाची साधनं) टाकलं, कॉर्डोव्हा-अँड्रॉइड (कॉर्डोव्हाचा अँड्रॉइडसाठीचा भाग) ७ वरून थेट १४ वर उडी मारली, टार्गेट ३५ केलं आणि बिल्ड झालं. सुबुद्धी सुचली म्हणून प्लेवर न चढवता, जुन्याच कीस्टोअरनं (सहीच्या किल्लीनं) सही केलेली एपीके (इन्स्टॉल करायची फाइल) मामांच्या फोनवर जुन्या अ‍ॅपवरच टाकली. उघडलं तर कोरं! एक सभासद नाही, एक लिटर नाही. मामा शेजारीच चहा पीत बसलेले.

अजून अनइन्स्टॉल केलेलं नाही. नोंदी खरंच गेल्या का? बिलाला चार दिवस आहेत.

रिअ‍ॅक्टप्रेमी:
२०२५ मध्ये कॉर्डोव्हा? मित्रा, रिअ‍ॅक्ट नेटिव्ह या दुसऱ्या साधनावर नव्यानं लिही. त्याचा एक्स्पो हा साधनसंच घेतलास तर ग्रेडलचं तोंडसुद्धा बघावं लागणार नाही. जुन्या घराला किती टेकू लावणार?

गोदाकाठची:
चार दिवसांत नवं घर बांधून होत नाही, आणि बांधलं तरी जुन्या घरातलं धान्य आपोआप तिकडे येत नाही. ते नंतर बघू.

येरळाकाठ, आधी श्वास घे. नोंदी बहुतेक जागेवरच आहेत, तुझं अ‍ॅप चुकीच्या कोठारात डोकावतंय. लोकलस्टोरेज पत्त्यानुसार वेगळं ठेवलं जातं. तुझं जुनं अ‍ॅप फाइल-कोलन-स्लॅश-स्लॅश या पत्त्यावरून उघडायचं. कॉर्डोव्हा-अँड्रॉइड १० पासून, म्हणजे २०२१ पासून, तेच पान एचटीटीपीएस लोकलहोस्ट या पत्त्यावरून उघडतं. वेबव्ह्यूच्या, म्हणजे अ‍ॅपमधल्या ब्राउझरच्या, लेखी ही दोन वेगळी संकेतस्थळं. एकाची वही दुसऱ्याला दिसत नाही. इंडेक्सडीबी ही ब्राउझरची दुसरी साठवण वापरत असतास तरी हेच झालं असतं. मी स्वतः एका औषध दुकानाच्या अ‍ॅपमध्ये हे करून बसले आहे, आणि मी तुझ्यासारखं आधी एका फोनवर बघितलं नव्हतं.

आता कर ते असं. कॉन्फिग फाइलमध्ये 'अँड्रॉइडइनसिक्युअरफाइलमोडएनेबल्ड' हे प्रेफरन्स (सेटिंग) ट्रू कर. नाव भीतीदायक आहे, पण त्यानं जुना पत्ता परत येतो आणि टार्गेट ३५ तसंच राहतं. व्हर्जन कोड एकनं वाढव, त्याच कीनं सही कर, वरूनच इन्स्टॉल कर. अनइन्स्टॉल किंवा 'डेटा साफ करा' याला कुणी हात लावू नये, मामांनीसुद्धा.

ही पहिली पायरी. याच आवृत्तीत कॉर्डोव्हाच्या फाइल प्लगिननं (फाइली हाताळणाऱ्या जोडकोडनं) सगळ्या नोंदी अ‍ॅपच्या खाजगी फोल्डरमध्ये जेसन (मजकुराची साधी फाइल) करून लिहून ठेव. अकराही फोनवर ती आवृत्ती एकदा उघडली गेली की मग पुढच्या आवृत्तीत ते प्रेफरन्स काढ आणि लोकलस्टोरेज रिकामं दिसलं तर ती फाइल वाचून भर. अकरा फोनच आहेत, फोन करून खात्री करता येते. हजारो वापरकर्ते असते तर मधली आवृत्ती काही महिने तशीच ठेवावी लागली असती.

७ वरून १४ म्हणजे मधल्या सगळ्या अँड्रॉइडचे नियम तुला एकदम लागू झाले. दरपत्रक साध्या एचटीटीपीवरून आणत असशील तर टार्गेट २८ पासून ते मुळातच अडवलं जातं. आणि प्रिंटर! टार्गेट ३१ पासून ब्लूटूथ कनेक्टची परवानगी चालू अ‍ॅपमध्ये विचारावी लागते. जुनं प्लगिन ती विचारत नाही आणि पावती काढताना अ‍ॅप धाडकन बंद पडतं. व्हाइटलिस्ट प्लगिन (कोणत्या पत्त्यांना मुभा ते ठरवणारं) असेल तर काढून टाक, ते काम १० पासून आतच आलंय. आणखी एक, प्लॅटफॉर्म्स फोल्डरमध्ये हातानं काही बदल केले होतेस का? तो फोल्डर पुन्हा बनतो तेव्हा ते पुसले जातात.

रिअ‍ॅक्टप्रेमी, पुढे बदलायचंच झालं तर मी कपॅसिटर हे कॉर्डोव्हासारखंच साधन सुचवीन. त्याचीच बाराशे ओळींची फाइल तिथे चालेल, आणि कपॅसिटर ६ पासून अँड्रॉइडवर पत्ता एचटीटीपीएस लोकलहोस्टच असतो. म्हणजे दुसरी पायरी झाल्यावर गेला तर वही पुन्हा हरवत नाही.

येरळाकाठ:
ताई, आल्या! सगळ्या नोंदी आल्या. मामांनी आधी मागच्या बिलाची बेरीज ताळून पाहिली, मग चहा पाजला.

प्रिंटरचं तुम्ही म्हणालात तस्संच झालं, पहिल्याच पावतीला अ‍ॅप बंद. प्लगिनची नवी आवृत्ती घेतली, आता परवानगी विचारतं. दरपत्रक एचटीटीपीवरच होतं. ते ज्याच्या सर्व्हरवर आहे त्याला एचटीटीपीएस करायला सांगितलंय, तोवर मॅनिफेस्टमध्ये (अ‍ॅपच्या परवानग्यांच्या फाइलमध्ये) साध्या एचटीटीपीला मुभा दिली. प्लॅटफॉर्म्समध्ये हातानं बदललेला आयकॉन होता, तो गेला. कॉर्डोव्हाचा रोबो दिसतोय, काकांना तोच आवडलाय.

रिलीज बिल्ड एएबी (प्ले स्टोअरसाठीची वेगळ्या प्रकारची फाइल) निघत होतं आणि एएबी टाकायचं तर की गूगलकडे द्यावी लागते. अ‍ॅप जुनं असल्यानं पॅकेज टाइप एपीके देऊन भागवलं. ११ पैकी ७ फोनवर मधली आवृत्ती पोचली आहे.

एकच राहिलं. एका केंद्रावर अँड्रॉइड १५ चा फोन आहे. तिथे 'सकाळ / संध्याकाळ' ही वरची पट्टी घड्याळ आणि बॅटरीच्या मागे जाते, बोट लावता येत नाही. काल संध्याकाळचं दूध सकाळच्या खात्यात पडलं.

गोदाकाठची:
टार्गेट ३५ चाच प्रसाद. अँड्रॉइड १५ वर पान आता काठापासून काठापर्यंत पसरतं. थीममध्ये 'विंडोऑप्टआउटएजटूएजएन्फोर्समेंट' ट्रू केलंस तर पट्टी खाली येईल. ही सूट ३५ पुरतीच आहे, ३६ ला दुर्लक्षित होते, तेव्हा वर्षभरात सीएसएसमध्ये (पानाच्या मांडणीच्या कोडमध्ये) वरची जागा सोडायची सोय करून ठेव.

आणि ते कालचं दूध मध्यरात्रीच्या आत हातानं बदल. सकाळ-संध्याकाळचा फॅट वेगळा असतो, गवळी लगेच ओळखतात.

येरळाकाठ:
ओळखलं. सकाळी सहालाच फोन आला होता.