7 वर्षं शेडमध्ये उभी असलेली आर15, चालू करायच्या आधी काय बघू? इंजिन जाईल का

पारोळेकर
नमस्कार मंडळी. गाडी यामाहाची आर15, पहिलं मॉडेल, 2010 ची, दादाची. दादा 2018 ला नोकरीला पुण्याला गेला तेव्हापासून गाडी आमच्या शेतातल्या पत्र्याच्या शेडात उभी आहे, वरून ताडपत्री, आणि बाजूलाच दरवर्षी कापूस भरलेला असतो. साधारण 46 हजार किमी झालेली. टाकीत तेव्हाचं अर्धी टाकी पेट्रोल तसंच राहिलंय, झाकण उघडलं तर वास पेट्रोलचा नाही, जुन्या रंगाच्या डब्यासारखा येतो. बॅटरी गेलेली. रेडिएटरमध्ये शेवटी शेतातल्या बोअरचं पाणी टाकलं होतं हे मला पक्कं आठवतं कारण मीच टाकलं होतं.
गावातला मेकॅनिक म्हणतो ताजं पेट्रोल टाक, बॅटरी लाव, नाही झाली तर ढकलून दुसऱ्या गियरला सोड, इंजिन दणकट आहे काही होत नाही. मला भीती वाटते. या गाडीवर दादाने मला गाडी शिकवली, चाळीसगावहून कन्नडचा घाट पहिल्यांदा हिच्यावरच चढलो. इंजिन गेलं तर मी स्वतःला माफ करणार नाही. सांगा काय करू.

भुसावळ_गॅरेज
भाऊ सगळ्यात आधी, ढकलू नको. सेल्फ पण मारू नको. उभ्या गाडीचं इंजिन उभ्या उभ्या फार कमी वेळा मरतं, ते मरतं पहिल्या स्टार्टला.
का ते सांगतो. 7 वर्षांत वरचं सगळं ऑइल खाली चेंबरला उतरलेलं आहे, वॉल्व्ह उघडणारे कॅम आणि रॉकर कोरडे, सिलेंडरची भिंत कोरडी. आणि आपल्याकडे मे महिन्यात पत्र्याच्या शेडात काय भट्टी असते ते तुला माहीतच आहे, आणि पावसाळ्यात तेच शेड ओलं. दिवसा गरम रात्री गार असं होत राहिलं की हवेतलं पाणी आत धातूवर बसतं. पिस्टन कुठे थांबला होता त्यावर एखादा वॉल्व्ह (हवा आत-बाहेर सोडणारी झडप) 7 वर्षं उघडा राहिलेला असू शकतो, तिथून दमट हवा आत गेली. वॉल्व्हची दांडी गंजाने चिकटली असेल आणि तू सेल्फ मारला तर वॉल्व्ह वर यायच्या आधी पिस्टन येऊन ठोकू शकतो, वॉल्व्ह वाकला म्हणजे हेड उतरवायचं आलं.
आता तुझ्या गाडीची खास गोष्ट, आणि ही नीट वाच. आर15 च्या सिलेंडरला आतून लोखंडी नळी (स्लीव्ह) नाही. डायासिल म्हणतात त्याला, सिलिकॉन मिसळलेल्या ॲल्युमिनियमचं पूर्ण सिलेंडर. त्यामुळे भिंतीवर तांबडा गंज नाही चढत, पण पिस्टनच्या रिंगांवर चढतो. गंजलेली चिकटलेली रिंग त्या भिंतीवर घासली की ओरखडा पडला समज. स्प्लेंडर असती तर बोअर करून ओव्हरसाईज पिस्टन टाकून मोकळं झालो असतो, इथे ते होत नाही, सिलेंडरच नवीन घ्यावं लागतं. म्हणून म्हणतो घाई करू नको भो.
काम असं कर. प्लग काढ. प्लगच्या भोकातून साधं इंजिन ऑइल थोडंसं, चमचाभर, आत सोड आणि दोन दिवस तसंच राहू दे. मग डबल स्टँडवर किंवा स्टूल लावून मागचं चाक वर घे, टॉप गियर टाक आणि हाताने चाक पुढच्या दिशेला हळू फिरव. प्लग काढलेला असल्याने हलकं फिरायला पाहिजे. अडकलं तर तिथेच थांब, जोर लावायचा नाही, पाय तर अजिबात नाही, अजून ऑइल सोड आणि अजून दोन दिवस थांब. फिरलं तर देवाला हात जोड आणि मग पुढचं विचार. आणि मोबाईलला जोडायचा छोटा कॅमेरा मिळतो तो घे, प्लगच्या भोकातून आत बघता येतं, हेड उघडायची गरज आहे का ते कळतं.

चोपडा_रायडर
इतकं घाबरवू नका हो त्याला. माझी स्प्लेंडर 4 वर्षं खळ्यात उभी होती, पेट्रोल बदललं, प्लग साफ केला, पाचव्या किकला चालू, आज पण रोज शेतात जाते.

भुसावळ_गॅरेज
@चोपडा_रायडर तुमची झाली याचा आनंद आहे, होतात अशा. पण ती एअर कूल्ड, कमी कॉम्प्रेशनची, कार्ब्युरेटरची, किक असलेली गाडी. ही लिक्विड कूल्ड, इंजेक्शनवाली, 10.4:1 चं जास्त कॉम्प्रेशन. आणि किक मारताना माणसाच्या पायाला कळतं आत काही अडकतंय, सेल्फच्या मोटरला नाही कळत. ढकलून सोडली तर एवढ्या वजनाच्या गाडीचा सगळा जोर त्या चिकटलेल्या रिंगेवर येतो. शिवाय बॅटरी पूर्ण मेलेली असेल तर पेट्रोल पंपच दाब करत नाही, म्हणजे ढकलून चालू पण होणार नाही, फक्त कोरडं इंजिन घासलं जाईल.

धुळेकर_आरएक्स
माझा अनुभव सांगतो, टू स्ट्रोकचा आहे पण कामाला येईल. काकांची आरएक्स 100, 6 वर्षं उभी. कार्ब साफ केला, पेट्रोल टाकलं, चौथ्या किकला चालू झाली, आवाज तर असा की गल्लीतली पोरं गोळा झाली. मी त्याच दिवशी हायवेला काढली. लळिंगच्या चढावर गाडी अचानक ओढायची बंद झाली आणि मागचं चाक लॉक, मागून ट्रक येत होता, क्लच दाबला म्हणून वाचलो.
उघडल्यावर कळलं मॅग्नेटच्या बाजूचं क्रँकचं ऑइल सील वाळून कडक झालं होतं, तिथून हवा ओढत होती. जास्त हवा कमी पेट्रोल. पिस्टन तापून फुगला आणि सीझ. चालू होणं म्हणजे बरी होणं नाही हे त्या दिवशी समजलं. तुझी फोर स्ट्रोक आहे पण रबर तेच, इनटेकचं रबर चिरलंय का बघ, सील बघ, आणि चालू झाली तरी पहिले काही दिवस गावातल्या गावात फिरव. घाट नंतर.

नंदुरबारकर
कार्बवाल्यांसाठी एक टाकतो, कोणी शोधत इथे आलं तर. माझी करिझ्मा 5 वर्षं उभी होती आणि पेट्रोल कॉक चालूच राहिला होता. कार्बची फ्लोट निडल (पेट्रोल अडवणारी सुई) घाणीने अडकली, पेट्रोल हळूहळू इंजिनात उतरलं. ऑइलची काडी काढली तर लेव्हल खूप वर आणि ऑइलला पेट्रोलचा वास. असं पातळ ऑइल घेऊन चालू केली असती तर बेअरिंग गेलं असतं. आणि सिलेंडरमध्ये पेट्रोल साचलेलं असताना सेल्फ मारला तर पेट्रोल दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. म्हणून प्लग काढल्याशिवाय काहीच करायचं नाही, कार्ब असो की इंजेक्शन.

भुसावळ_गॅरेज
बरोबर. आता पारोळेकर भाऊ, पेट्रोल आणि पाणी. टाकी पूर्ण उतरव, जुनं पेट्रोल दुसऱ्या गाडीत पण टाकू नको. इथेनॉल असलेलं पेट्रोल हवेतलं पाणी ओढतं आणि पाणी जास्त झालं की ते इथेनॉलला घेऊन खाली बसतं, आणि पंप तर टाकीच्या तळातूनच ओढतो. टाकीत गंज असणार, तो पंपाची जाळी आणि इंजेक्टर बुजवतो. इंजेक्टर अर्धा बुजला की गाडी लीन चालते (हवा जास्त, पेट्रोल कमी), तापते, आणि माणूस म्हणतो पिकअप नाही म्हणून अजून रेस देतो. इंजेक्टर साफ करून घे. आणि आता पंपावर 20 टक्के इथेनॉलवालं मिळतं, 2010 चे पाइप त्या हिशोबाने बनलेले नाहीत, वाळलेले असतील तर बदलूनच टाक.
बोअरच्या पाण्याचं मला सगळ्यात जास्त टेन्शन आहे. आपल्याकडचं पाणी किती खारं, घरातल्या गिझरच्या कॉइलवर काय थर बसतो बघतोस ना, तेच आत सिलेंडरभोवतीच्या पाण्याच्या जागेत झालेलं असणार. पाणी काढ, रंग बघ. डिस्टिल्ड वॉटरने दोन-तीनदा धू आणि मग तयार कूलंट भर. वॉटर पंपाचं सील वाळलेलं असतं, पंपाखाली बारीक भोक असतं तिथून थेंब आला की सील गेलं समज. ऑइल दुधासारखं दिसलं तर पाणी ऑइलमध्ये गेलंय, मग चालू करायचा विषयच संपला, आधी खोलायचं.
सगळं ठीक असेल तर नवीन ऑइल, नवीन फिल्टर, प्लग बाहेर ठेवूनच सेल्फ 5-5 सेकंद मारायचा म्हणजे ऑइल वर कॅमपर्यंत चढतं, मग प्लग लाव. चालू झाल्यावर रेस द्यायची नाही. पाच मिनिटं नुसता आवाज ऐक, टायमिंग चेनचा खडखड राहतोय का, रेडिएटरचा फॅन फिरतो का. 100-150 किमीला ते ऑइल परत काढून टाक, महाग वाटेल पण आतली सगळी घाण त्यात आलेली असते.
टायर, ब्रेकचं ऑइल, चेन तर बदलावं लागेलच. आणि 15 वर्षं झालीत म्हणजे आरसी रिन्यू केल्याशिवाय रोडवर काढू नको.

पारोळेकर
अपडेट देतो, उशीर झाला, कापसाची वेचणी चालू होती.
एअर फिल्टरचा डबा उघडला तर आत गच्च कापूस, सरकीसकट. उंदरांनी घर केलं होतं, फिल्टर अर्धा कुरतडलेला, कापसाचे तंतू इनटेकच्या पाइपापर्यंत आलेले. ढकलून गियरला सोडली असती तर हे सगळं आत ओढलं गेलं असतं, हात थरथरले माझे बघून.
ऑइल काळं पण दुधासारखं नाही. रेडिएटरचं पाणी विटकरी निघालं, चार वेळा धुतलं तेव्हा स्वच्छ आलं. प्लगमधून ऑइल सोडलं, पहिल्यांदा चाक फिरलंच नाही. थांबलो. पाचव्या दिवशी थोडं हललं, सहाव्या दिवशी पूर्ण फेरा झाला आणि मी शेडात एकटाच ओरडलो. कॅमेऱ्याने बघितलं, भिंतीवर एका बाजूला पांढरट डाग आहे, ओरखडा दिसत नाही. फोटो भुसावळच्या भाऊंना पाठवलाय.

भुसावळ_गॅरेज
बघितला फोटो. डाग आहे, खड्डा वाटत नाही, पण फोटोवरून शपथ घेणार नाही. कॉम्प्रेशन (सिलेंडर दाब धरतो का) चेक केल्याशिवाय पेट्रोल टाकू नको. गाडी टेम्पोत टाकून घेऊन ये, तू समोर उभा राहा, मिळून बघू.

पारोळेकर
येतो. दादाला फोन केला, म्हणाला आखाजीला (अक्षय तृतीयेला) घरी येतोय, मी आल्यावरच जाऊ भुसावळला, तोवर चावी पण लावू नकोस. चावी आईकडे देऊन ठेवली आहे.