मदत हवी आहे: हाय ग्रॅव्हिटी वर्टच्या किण्वनात एनआयआर मॉडेल एक्स्ट्रॅक्ट कमी का दाखवते?

नमस्कार,

मी छत्रपती संभाजीनगरजवळच्या एका बिअर कारखान्यात गुणवत्ता प्रयोगशाळेचे काम पाहतो. आमच्या लागर बिअरच्या एका किण्वन टाकीत एनआयआर, म्हणजे निकट-अवरक्त प्रकाशावर चालणारा प्रोब बसवलेला आहे. तो १००० ते १७०० नॅनोमीटर या पट्ट्यातील वर्णपट घेतो आणि त्यावरून पीएलएस (वर्णपट आणि मोजलेले आकडे यांची सांगड घालणारी संख्याशास्त्रीय पद्धत) मॉडेल उरलेले एक्स्ट्रॅक्ट (विरघळलेली साखर व इतर घन पदार्थ) व तयार झालेले अल्कोहोल यांचे आकडे देते. मॉडेल १२ प्लेटोच्या (१०० ग्रॅममध्ये १२ ग्रॅम एक्स्ट्रॅक्ट असलेल्या) वर्टवर, म्हणजे किण्वनाआधीच्या माल्टच्या गोड द्रवावर बांधलेले असून त्यासाठी लागणारी संदर्भमूल्ये आम्ही गॅस काढलेल्या, गाळलेल्या नमुन्यांवर प्रयोगशाळेत मोजली होती. त्या वर्टच्या नव्या बॅचमध्येही आकडे चांगले जुळतात.

अडचण १६ प्लेटोच्या, म्हणजे हाय ग्रॅव्हिटी (जास्त तीव्रतेच्या) वर्टपासून सुरू झाली. हा वर्ट आंबवून नंतर पाणी मिसळून नेहमीच्या तीव्रतेवर आणायचा असतो. त्यात मॉडेल एक्स्ट्रॅक्ट सातत्याने प्रत्यक्षापेक्षा कमी दाखवते, त्यामुळे किण्वन आटोपत आल्यासारखे वाटते आणि प्रयोगशाळेतील नमुना मात्र वेगळेच सांगतो.

मला संशय असा आहे की मॉडेल साखर वाचतच नसून अल्कोहोल वाचते आणि त्यावरून साखरेचा अंदाज बांधते. बॉलिंग या रसायनशास्त्रज्ञाच्या जुन्या हिशेबाप्रमाणे २.०६६५ ग्रॅम एक्स्ट्रॅक्ट खर्च झाले की १ ग्रॅम अल्कोहोल, ०.९५६५ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड आणि ०.११ ग्रॅम यीस्ट तयार होते. मूळ वर्ट एकाच तीव्रतेचा असेल तर एक आकडा कळला की दुसरा आपोआप ठरतो. वास्तविक एक्स्ट्रॅक्ट (अल्कोहोलचा परिणाम वगळून काढलेले) ६ टक्के उरले असताना १२ प्लेटोच्या वर्टमध्ये वजनाने सुमारे ३.१ टक्के अल्कोहोल असते, तर १६ प्लेटोच्या वर्टमध्ये तेच सुमारे ५.३ टक्के भरते. १२ प्लेटोवर शिकलेल्या मॉडेलला ही दुसरी जोडी कधी दिसलेलीच नाही.

हे निदान बरोबर आहे का, आणि असल्यास प्रत्येक तीव्रतेसाठी वेगळे मॉडेल बांधावे की एकच विस्तारावे, याबद्दल मार्गदर्शन हवे आहे. शिवाय याच प्रोबवरून डायअ‍ॅसिटिलही (किण्वनात तयार होणारा, नको असलेला वास देणारा घटक) कळावे असा व्यवस्थापनाचा आग्रह आहे. ते शक्य आहे का?

प्रतिसाद १

आपले निदान मला पटते, पण संशयितांच्या यादीत तापमानाचेही नाव घाला. पाण्याचा १४५० नॅनोमीटरजवळचा पट्टा तापमान वाढले की कमी तरंगलांबीकडे सरकतो, कारण पाण्याच्या रेणूंमधले हायड्रोजन बंध सैल होतात. लागरची टाकी साधारण १२ अंशांवर सुरू होते, डायअ‍ॅसिटिल कमी व्हावे म्हणून शेवटी दोन-चार अंश वर नेली जाते आणि मग थंड केली जाते. म्हणजे तापमानही किण्वनाच्या प्रगतीबरोबरच बदलते. यीस्टमुळे येणारा गढूळपणाही आधी वाढतो आणि यीस्ट खाली बसू लागले की घटतो. मॉडेलला यांपैकी काहीही पकडून ‘किण्वन कुठवर आले’ हे ओळखता येते आणि नेहमीच्या बॅचमध्ये ते खपूनही जाते.

याची तपासणी सोपी आहे. एकच गाळलेला नमुना, घटक काहीही न बदलता, ५ पासून २० अंशांपर्यंत वेगवेगळ्या तापमानांना प्रोबसमोर ठेवा. एक्स्ट्रॅक्टचा आकडा हलला तर त्यातला दोष तापमानाचा आहे.

वेगवेगळी मॉडेले बांधण्याच्या मी विरुद्ध आहे, कारण १४ प्लेटोचा वर्ट आला की पुन्हा हाच प्रश्न उभा राहील. त्यापेक्षा किण्वनाच्या निरनिराळ्या टप्प्यांवरचे नमुने घेऊन काहींत अल्कोहोल, काहींत माल्टोज (माल्टमधली साखर) किंवा डेक्स्ट्रिन (यीस्ट आंबवू शकत नाही असे मोठ्या रेणूंचे कर्बोदक) आणि काहींत नुसते पाणी मिसळा. त्यामुळे साखर आणि अल्कोहोल यांची गाठ सुटते. मिसळल्यानंतरची संदर्भमूल्ये मात्र पुन्हा मोजा, हिशेबाने काढू नका. पडताळणी करताना नमुने सरमिसळ करून बाजूला काढू नका, तर संपूर्ण बॅचच बाजूला ठेवा. एकाच बॅचचे नमुने दोन्हीकडे गेले की निकाल फसवा सुंदर येतो.

प्रतिसाद २

डायअ‍ॅसिटिलबद्दल स्पष्टच लिहितो. लागरमध्ये त्याचा लोण्यासारखा वास लिटरमागे सुमारे ०.१ मिलिग्रॅमपासून जाणवू लागतो. पाण्यातल्या घटकासाठी एनआयआरची व्यवहारातली मर्यादा साधारण ०.१ टक्का, म्हणजे लिटरमागे १००० मिलिग्रॅमच्या आसपास असते. दहा हजार पटींचा फरक कोणत्याही गणिताने भरून निघत नाही, आणि तरीही मॉडेलने आकडा दिलाच तर तो वर सांगितलेल्या प्रगतीचाच अंदाज असणार.

व्यवस्थापनाला हे सांगता येईल की एक्स्ट्रॅक्ट स्थिरावले हे प्रोबवरून कळते, आणि नमुना नेमका केव्हा काढायचा ते त्यावरून ठरवता येते. तो नमुना सुमारे ६० अंशांवर अर्धा तास तापवून थंड करा आणि न तापवलेल्या नमुन्याशेजारी ठेवून हुंगा. तापवल्यावर वास आला तर अल्फा-अ‍ॅसिटोलॅक्टेट (ज्यापासून डायअ‍ॅसिटिल बनते तो घटक) अजून शिल्लक आहे, म्हणून टाकी इतक्यात थंड करू नये.

एक शंका राहते. आपला प्रोब टाकीच्या शंकूत आहे की वरच्या सरळ भागात, आणि त्याची काच आडवी आहे की तिरपी? किण्वन जोरात असताना काचेवर बुडबुडे चिकटतात आणि शंकूत यीस्टचा थर साचतो, त्यामुळे वरचे सगळे प्रयोग करण्याआधी हे कळवावे.