दहा वर्षांपूर्वीच्या क्रेडिट कार्डाची वसुली : सही करावी की नाही?

नेरूळ_सेक्टर_सहा

नमस्कार. २०१३ साली घेतलेले एक क्रेडिट कार्ड नोकरी गेल्यामुळे मला फेडता आले नाही. शेवटचे पैसे ऑगस्ट २०१६ मध्ये भरले, तेव्हा सुमारे ३८,००० रुपये बाकी होते. वर्षभर बँकेचे फोन आले आणि मग बंद झाले. आता पंधरा दिवसांपासून कुठल्याशा ‘विधी विभागा’तून रोज फोन येत आहेत. बाकी २,१४,००० झाली आहे, मात्र आज चार वाजेपर्यंत ४५,००० भरल्यास फाइल बंद करू, असे ते सांगतात. हे ‘आज चार वाजेपर्यंत’ गेले सहा दिवस चालू आहे. शुक्रवारी व्हॉट्सअ‍ॅपवर एक पीडीएफ आली. वर अशोकस्तंभ, खाली गोल शिक्का, मथळा ‘अटकपूर्व अंतिम नोटीस’ आणि न्यायालयाचे नाव ‘ठाणे हायकोर्ट’. सोबत ‘तडजोड मान्य आहे’ असे लिहिलेला, सही करून परत पाठवायचा कागद आणि ५०० रुपये टोकन भरण्यासाठी एका व्यक्तीच्या नावाचा यूपीआय आयडी. काल रात्री नऊ वाजता त्यांनी माझ्या वहिनींनाही फोन केला.

माझी खरी अडचण अशी की पैसे थकवले हे खोटे नाही, त्यामुळे त्यांच्याशी ताठ आवाजात बोलता येत नाही. शिवाय घणसोलीत घर घ्यायचे आहे, तेव्हा गृहकर्जाचीही काळजी आहे. काय करावे?

कोपरी_पूर्व

मी याच वाटेने गेलो आहे. कटकट मिटावी म्हणून २,००० रुपये टोकन भरले. तीन महिन्यांनी दुसऱ्याच एजन्सीचा त्याच कार्डासाठी फोन आला आणि पहिल्यांना पैसे दिल्याचे सांगितले, तर ‘आमच्याकडे नोंद नाही’ असे उत्तर मिळाले. पावती म्हणून माझ्याकडे फक्त यूपीआयचा स्क्रीनशॉट होता. शिवाय टोकन भरले की दावा लावण्याची तीन वर्षांची मुदत पुन्हा पहिल्यापासून सुरू होते, असे मला नंतर कळले. एक रुपयाही देऊ नका.

कोर्टनाका_वकील

वरील सल्ला योग्य आहे, पण त्यामागचे कारण नेमके नाही आणि इथे नेमकेपणालाच महत्त्व आहे. मुदत कायदा, १९६३ नुसार अशा रकमेच्या वसुलीचा दावा तीन वर्षांच्या आत लावावा लागतो. कलम १८ खालील लेखी कबुली किंवा कलम १९ खालील अंशतः भरणा यांमुळे मुदत नव्याने मोजली जाते हे खरे. परंतु ती कबुली किंवा तो भरणा मूळ मुदत संपण्यापूर्वी झालेला असावा लागतो. आपली मुदत २०१९ च्या सुमारास संपली, त्यामुळे आज भरलेल्या पाचशे रुपयांनी ती जिवंत होत नाही. सापळा त्या कागदात आहे. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २५(३) प्रमाणे मुदतबाह्य देणे फेडण्याचे लेखी आणि सही केलेले वचन हा स्वतंत्र, वैध करार ठरतो. म्हणजे ज्या रकमेसाठी आज दावा टिकत नाही, तिच्यासाठी आपणच आपल्या सहीने नवा दावा उभा करून द्याल. टोकन हे आमिष आहे. त्यांना हवी आहे ती सही.

मात्र मुदत संपली म्हणजे देणे संपले, असे कायदा म्हणत नाही; फक्त न्यायालयाचा मार्ग बंद होतो. बँकेने त्या तीन वर्षांत दावा लावून हुकूमनामा, म्हणजे वसुलीचा न्यायालयीन निकाल, मिळवला असेल, तर त्याच्या अंमलबजावणीला बारा वर्षे मिळतात. म्हणून ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर ठाणे जिल्हा निवडून आपल्या नावाने एकदा शोध घ्या आणि बेलापूरचे न्यायालयही पाहा. खरे समन्स आले तर ते कधीही दुर्लक्षित करू नका.

पीडीएफबद्दल एवढेच सांगतो की ठाण्यात उच्च न्यायालय नाही. कार्डाची बाकी थकणे हा दिवाणी विषय आहे. मुळातच फसवणुकीच्या हेतूने कार्ड घेतले असेल तर गोष्ट वेगळी. ‘१३८’ची धमकी दिल्यास कोणता धनादेश परत गेला, एवढेच विचारा, कारण ते कलम न वटलेल्या धनादेशाचे आहे. लोकअदालतीचे नाव घेतल्यासही घाबरू नका, तिथे दोन्ही पक्षांच्या संमतीशिवाय तडजोड होत नाही.

फोनवर उत्तर देऊ नका. बँकेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल आणि पोचपावतीसह स्पीड पोस्टाने एकच पत्र पाठवा. पहिले वाक्य असे असू द्या : ‘हे पत्र केवळ माहिती मागण्यासाठी असून ते कोणत्याही देण्याची कबुली समजू नये.’ त्याखाली खाते सध्या कोणाच्या मालकीचे आहे, ते विकले असल्यास कोणाला व कधी, या एजन्सीला नेमल्याचे पत्र आणि रकमेचा महिनावार हिशेब मागा. ‘माझ्याकडून राहिलेले पैसे’ असा शब्दप्रयोग चुकूनही करू नका. प्रामाणिक माणसे नेमके तेच लिहितात.

निवृत्त_बँकवाला

वकीलसाहेबांच्या म्हणण्यात थोडी भर घालतो. रिझर्व्ह बँकेच्या १२ ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकाप्रमाणे वसुलीचे फोन सकाळी आठपूर्वी आणि सायंकाळी सातनंतर करता येत नाहीत, आणि नातेवाइकांच्या खासगीपणात शिरण्यासही मनाई आहे. वहिनींच्या मोबाइलमधील नऊ वाजताच्या नोंदीचा स्क्रीनशॉट आजच घेऊन ठेवा. एजंटाच्या वागणुकीची जबाबदारी बँकेला झटकता येत नाही. तक्रारीला तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा ते समाधानकारक नसेल, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, शुल्क नाही. माणूस मुळातच तोतया निघाला तर सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर कळवा.

आता गृहकर्ज. कर्जफेडीच्या नोंदी ठेवणाऱ्या सिबिलसह चारही कंपन्यांना वर्षातून एक पूर्ण अहवाल विनामूल्य द्यावा लागतो. तो काढा आणि शेवटच्या भरण्याची तारीख पाहा. ती २०१६ ऐवजी अलीकडची दाखवली असेल, तर लगेच हरकत घ्या. तीस दिवसांत निकाली न निघाल्यास पुढे दिवसाला शंभर रुपये भरपाईची तरतूद आहे. खाते ‘राइट-ऑफ’ (बँकेने बुडीत धरलेले) दिसत असेल, तर गृहकर्ज देणारी बँक ते मिटवायला सांगू शकते. तशी वेळ आल्यास माझे मत वकीलसाहेबांपेक्षा किंचित वेगळे आहे : मूळ बँकेशी थेट बोलून रक्कम ठरवावी, मंजुरीचे पत्र आधी हातात घ्यावे, पैसे बँकेच्याच नावे भरावेत आणि नो ड्यूजचे, म्हणजे काही बाकी नसल्याचे, पत्र घ्यावे. कमी रकमेत मिटवल्यास नोंद ‘सेटल्ड’ अशी होते, ‘क्लोज्ड’ नव्हे, आणि कर्ज मंजूर करणारा अधिकारी हा फरक बघतो. पस्तीस वर्षांत आम्ही तो नेहमीच बघितला.

नेरूळ_सेक्टर_सहा

सर्वांचे आभार. पत्र सोमवारी वाशीच्या पोस्टातून पाठवले. ई-कोर्ट्सवर माझ्या नावाचे दोन दावे दिसले, दोन्ही भलत्याच माणसांचे. दुपारी पुन्हा फोन आला, तेव्हा नेमणुकीचे पत्र बँकेच्या ईमेलवरून पाठवा, एवढेच म्हणालो. पलीकडून ‘साहेब, तुम्ही वकील केलात का?’ असा प्रश्न आला आणि फोन बंद झाला. कागदावर सही केलेली नाही. सिबिलचा अहवाल आज रात्री काढतो. त्यात शेवटच्या भरण्याची तारीख काय निघते ते इथेच कळवीन.