मदत हवी आहे : रात्रीच्या गाडीत स्पीकरवर मोबाइल

मंडळी, पुढच्या आठवड्यात आईला घेऊन थ्री-एसीने नागपूरला जायचंय. मागच्या खेपेला समोरच्या बर्थवरचे काका मध्यरात्र उलटली तरी फुल आवाजात रील्स बघत होते. हेडफोन गळ्यातच लटकलेला! "काका, आवाज जरा कमी करता का?" म्हटलं, तर "तिकीट आम्हीपण काढलंय."

रात्री 10 नंतर मोठ्याने गाणी, फोनवर जोरात बोलणं चालत नाही, असा रेल्वेचा नियम आहे. पण 139 वर किंवा रेलमदद ॲपवर तक्रार केली तर रात्री खरंच कोणी येतं का? की आधी टीसीलाच गाठावं? आणि तक्रारीनंतर सकाळपर्यंत त्याच माणसासमोर बसायचं, हे कसं निभावता? आई भांडणाला फार घाबरते हो. अनुभव असेल तर सांगा.