मदत हवी आहे: पणजोबांच्या कबरीचं प्लास्टर पुन्हा सुटलं

नगरी_मिरची: गेल्या वर्षीच पैसे घालून दुरुस्त केली, तरी या पावसाळ्यात पापुद्रेच्या पापुद्रे गळले. पाटीवरचं नावही गेलं. २ नोव्हेंबरला सगळे मेणबत्त्या लावायला जमणार. कोणतं केमिकल लावू? फक्त नाव सांगा.

घाणीचा_चुना: कबर दगडी की विटांची? दुरुस्ती कशाने केली?

नगरी_मिरची: विटांचीच, १८९० च्या आसपासची. आणि सिमेंटने, अजून कशाने करतात?

घाणीचा_चुना: तिथंच घोळ झाला. जुनी वीट जमिनीतली ओल ओढते आणि चुन्यातून बाहेर सोडते. वर सिमेंट थापलं की ओल आत कोंडते, क्षारांचे खडे विटेतच धरतात आणि वीट पिठासारखी सुटते. गळलेला पापुद्रा उलटून बघा.

नगरी_मिरची: मागे लाल भुकटी आहे. बोटाने निघते.

कोथरूडकर_६२: आमच्या सोसायटीच्या टाकीला वॉटरप्रूफिंग केलं. दहा वर्षं थेंब नाही. तेच मारा.

घाणीचा_चुना: काका, टाकीतलं पाणी कोंडायचं असतं, इथलं बाहेर सोडायचंय!

बाळ्या_बिनधास्त: पाटी ॲसिडने घासा. चकाचक.

निळूताई: अजिबात नको! संगमरवर ॲसिडने फेसाळून विरघळतो. मिरची, अक्षरं शिशाची होती का?

नगरी_मिरची: काय माहीत. आता ओळीने बारीक भोकं आहेत नुसती.

निळूताई: मग नाव सापडेल. शिसं पकड धरावं म्हणून अक्षराच्या खाचेत भोकं पाडायचे. शिसं गळलं, भोकं उरली. अंधार पडला की टॉर्च पाटीलगत आडवा धरून फोटो काढ आणि ठिपके जोड.

भटक्या: अवांतर, सुरतेची ऑक्झेंडन बंधूंची घुमटवाली कबर बघाच. महाराजांनी १६६४ मध्ये सुरत लुटली तेव्हा जॉर्ज ऑक्झेंडन तिथल्या इंग्रज वखारीचा प्रमुख होता.

कोथरूडकर_६२: इंग्रजांची वखार लुटली गेली नव्हती.

भटक्या: मी कुठं म्हटलं? नीट वाचा.

नगरी_मिरची: अहो, माझ्या कबरीचं काय??

बाळ्या_बिनधास्त: तुमच्या नाही, पणजोबांच्या.

घाणीचा_चुना: सिमेंट छिन्नीने हलक्या हाताने काढा, वीट पूर्ण सुकू द्या, मग चुन्याचं प्लास्टर. नोव्हेंबरच्या आत होणार नाही. पिंपळ उगवलाय का कुठं?

नगरी_मिरची: कोपऱ्यात, मनगटाएवढा. रविवारी उपटणार होते.

घाणीचा_चुना: उपटू नका, मुळांबरोबर विटा येतील. बुंध्याशी कापा, फुटला की पुन्हा कापा.

नगरी_मिरची: मग २ तारखेला लावू काय?

निळूताई: मेणबत्त्या. पण पाटीवर नको, संगमरवरात मेण मुरतं. खाली मातीत लाव.