मदत हवी आहे: गच्चीच्या गळतीवरचे लेख लोक वाचतात, पण जवळची कामं येत नाहीत

नमस्कार मंडळी,

डोंबिवलीत आमचा वॉटरप्रूफिंगचा व्यवसाय आहे. गच्च्या, बाथरूम, पाण्याच्या टाक्या, बाहेरच्या भिंतींच्या भेगा अशी कामं करतो. बाबांनी सुरू केलं, आता साइट भाऊ बघतो. कोटेशन, हिशेब आणि लोकांशी बोलणं माझ्याकडे आहे. इतकी वर्षं काम ओळखीतून यायचं. या सोसायटीच्या सेक्रेटरींनी त्या सोसायटीला नंबर दिला, असं. आता कमिटीत तरुण माणसं आली आहेत आणि ती आधी गूगलवर शोधतात. म्हणून मी आमच्या वेबसाइटवर मराठीत लिहायला लागले.

लेख वाचले जातात, ही चांगली गोष्ट. ‘ब्रिकबॅट कोबा म्हणजे काय’ (गच्चीवर विटांचे तुकडे आणि सिमेंट घालून केलेला, पाणी अडवणारा थर), ‘मेम्ब्रेन की कोटिंग’ (चादरीसारखं आवरण अंथरायचं की लेप द्यायचा), आणि सगळ्यात जास्त वाचलेला ‘गळती गच्चीतून आहे की पाइपातून, हे घरच्या घरी कसं ओळखाल’. त्यात मी लिहिलं होतं की डाग फक्त पावसात पसरत असेल तर आधी गच्ची बघा, बारा महिने ओल असेल तर पाण्याची किंवा ड्रेनेजची लाइन बघा. ओल छताच्या कडेने, भिंतीला धरून येत असेल तर पॅरापेटच्या (गच्चीच्या कठड्याच्या) बुडाशी असलेला वाटा, म्हणजे भिंत आणि गच्ची यांच्या कोपऱ्यातला सिमेंटचा गोलसर सांधा, बहुतेक वेळा सुटलेला असतो. आणि वरच्या मजल्यावरच्या बाथरूमखाली ओल असेल तर नहाणी ट्रॅपच्या (बाथरूमच्या जमिनीतून पाणी खाली जाण्याच्या तोंडाच्या) भोवतालचा भाग आधी तपासा. हे सगळं आम्ही रोज बघतो, त्यामुळे लिहायला सोपं गेलं.

अडचण अशी की फोन येतात ते रत्नागिरी, कोल्हापूर, नगरहून. मुंबईतल्या माणसाचं गावचं घर गळत असतं आणि तो कळवळून विचारतो. फोनवर जमेल तेवढं सांगते, पण आमची माणसं तिथवर नेणं परवडत नाही. डोंबिवली, ठाकुर्ली, कल्याण, अंबरनाथ, बदलापूर इथून मात्र चौकशी तुरळक. जी येते ती ‘स्क्वेअर फुटाला काय रेट?’ एवढीच, आणि रेट ऐकला की पुढे काही नाही.

मध्यंतरी एक मार्केटिंग एजन्सी भेटली. महिन्याला तीस लेख देतो म्हणाले. नमुन्याच्या लेखात ‘कोबा टाकल्यावर लगेच कडक उन्हात पूर्ण सुकू द्या’ असं होतं. कोब्यावर पाणी साठवून क्युरिंग (ओलं ठेवून पक्कं होऊ देणं) करावं लागतं, नाहीतर तडे जातात. आमच्या नावाखाली असं काही छापलं जाणं मला सहन होणार नाही. पण मग एकटीने लिहून पुरेसं पडतं का, हाही प्रश्न आहेच.

तर नक्की काय बदलू? मराठीतच लिहू की इंग्रजीतही? रेट उघड लिहावा का? आणि लेख वाचणारा माणूस आमच्याकडे काम घेऊन येईल, यासाठी लेखात काय असायला हवं? ज्यांनी स्वतःच्या धंद्यासाठी असं लिहिलं आहे, किंवा लेख वाचून कुणाला काम दिलं आहे, अशांनी जरूर सांगा.

ठाणेकर_सेक्रेटरी:

ताई, मी ग्राहकाच्या बाजूने सांगतो. आमची इमारत जुनी आहे, आणि गच्चीचं काम मी कमिटीत असताना झालं.

तुमचा लेख कोण वाचतो याचा विचार करा. ज्याच्या डोक्यावर पाणी गळतंय तो, म्हणजे वरच्या मजल्यावरचा सभासद. त्याच्या हातात निर्णय नसतो. निर्णय कमिटीचा, मोठा खर्च असेल तर सर्वसाधारण सभेचा. खालच्या मजल्यावरच्यांना वाटतं, गळतंय त्याचं, आम्ही का पैसे द्यायचे? आमच्याकडे दोन सभा याच भांडणात गेल्या.

म्हणून पहिला लेख लिहा तो यावर: गच्चीची दुरुस्ती कुणाच्या खर्चाने? सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींमध्ये (संस्थेच्या कारभाराच्या नमुना नियमांमध्ये) गच्ची, पॅरापेट भिंती, छताची संरचनात्मक दुरुस्ती आणि पावसाच्या पाण्याची गळती हा संस्थेचा खर्च आहे. सभासदाच्या स्वतःच्या संडास-बाथरूम-सिंकमुळे होणारी आतली गळती त्याच्या खर्चाने. हे दोन पानांत, छापून नोटीस बोर्डाला लावता येईल असं द्या, खाली तुमचं नाव आणि नंबर. वरच्या मजल्यावरचा माणूस ते कमिटीच्या ग्रुपवर टाकेल. तुमची जाहिरात तोच करेल, कारण ते कागद त्याला हवे आहेत.

दुसरं, वेळ. लोक शोधतात जून-जुलैत, गळायला लागल्यावर. तेव्हा तुम्ही कोबा टाकू शकत नाही. वार्षिक सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यायची असते, खर्चाला मंजुरी तिथे. काम दिवाळीनंतर ते मेपर्यंत. मग जुलैत वाचणाऱ्याला ‘आत्ता फोन करा, काम करून देतो’ म्हणून काय उपयोग? त्याला सांगा: आत्ता डागांचे तारीखवार फोटो काढून ठेवा, ओल कुठून कुठे सरकते ते लिहून ठेवा, ऑगस्टमध्ये आम्ही येऊन पाहणी करू, सभेच्या आधी कोटेशन देऊ. मुंबईत पाऊस साधारण ११ जूनला येतो, त्यातून उलटे दिवस मोजून तुमचं वेळापत्रक दाखवा. आमच्या कमिटीला असं कुणी सांगितलं असतं तर तोच ठेकेदार घेतला असता.

तिसरं, आम्हाला तीन कोटेशनं लागतातच. तीन जण तीन वेगळ्या पद्धती लिहून देतात आणि कमिटीत बँकेतला माणूस, शिक्षक, निवृत्त क्लार्क असे लोक असतात. आम्हाला तुलना करता येत नाही, म्हणून आम्ही खालचा आकडा बघतो. कोटेशन वाचायचं कसं, हे तुम्ही शिकवा. जुना कोबा फोडणं आणि डेब्रिज (राडारोडा) खाली उतरवून नेणं यात आहे की वेगळं, वाटा नव्याने करणार की नाही, रेनवॉटर पाइपची तोंडं बदलणार का, शेवटी पाणी साठवून चाचणी किती वेळ करणार, हमी कशाची आणि कागदावर की तोंडी. एवढं कळलेला माणूस नुसता रेट विचारून फोन ठेवत नाही.

वेबवाला_नाशिक:

वरचा प्रतिसाद सोन्यासारखा आहे. मी तांत्रिक बाजू सांगतो.

तुमच्या साइटला गूगल सर्च कन्सोल जोडलंय का? फुकट आहे. लोक नेमके कुठले शब्द टाइप करून तुमच्या पानापर्यंत येतात ते त्यात दिसतं. माझा अंदाज, ‘गळती’, ‘कोबा’ या शब्दांवर लोक येत असतील आणि गावाचं नाव त्यात नसेल. म्हणजे सगळीकडून येणारच.

गावाचं नाव यायला गावाचं काम लिहावं लागेल. प्रत्येक झालेल्या कामाचं एक छोटं पान करा: डोंबिवली पूर्व, चार मजली इमारत, तक्रार काय होती, उघडल्यावर काय सापडलं, काय केलं, पुढच्या पावसात काय झालं. चार-पाच खरे फोटो, आधीचे आणि नंतरचे. सामान्य माहितीच्या लेखांचं महत्त्व आता कमी होत चाललंय. ऑगस्ट २०२४ पासून भारतात गूगल शोधाच्या वरच ए.आय.ने तयार केलेलं उत्तर दाखवतं, त्यामुळे ‘कोबा म्हणजे काय’ला बऱ्याच जणांना तिथेच उत्तर मिळतं आणि ते तुमच्या पानावर येतच नाहीत. पण तुमच्या भावाने अंबरनाथच्या गच्चीवर काय उघडून बघितलं, हे तुमच्याशिवाय कुणालाच माहीत नाही.

एजन्सीला नाही म्हणा. यंत्राने ढिगाने लेख काढून शोधात वर यायचा प्रयत्न, हे गूगलने मार्च २०२४ मध्ये स्पॅमच्या धोरणात स्पष्ट बसवलंय. आणि तुम्ही सांगितलेली क्युरिंगची चूक एखाद्या सोसायटीने खरी मानली तर नुकसान त्यांचं आहे.

गूगल बिझनेस प्रोफाइल (२०२१ पर्यंत गूगल माय बिझनेस म्हणायचे) नसेल तर आजच करा. ‘माझ्या जवळचे’ असं शोधणाऱ्याला नकाशावर तेच दिसतं. सेवेच्या भागात तुमची पाच गावं टाका. काम संपलं, चाचणी झाली की सेक्रेटरींना तिथेच दोन ओळी लिहायची विनंती करा. पैसे किंवा सवलत देऊन रिव्ह्यू मागू नका, ते नियमाविरुद्ध आहे.

भाषेचं म्हणाल तर मराठी सोडू नका. पण खूप जण मराठी बोलतात आणि शोधताना ‘टेरेस लीकेज’, ‘वॉटरप्रूफिंग काँट्रॅक्टर’ असं इंग्रजी लिपीत टाइप करतात. कामांची पानं आणि संपर्काचं पान इंग्रजीतही ठेवा. लेख मराठीत राहू देत.

किर्लोस्करवाडीचा_नातू:

आपल्याकडे हे नवीन नाही. १९२० साली शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ काढलं. कारखान्याची आणि मालाची माहिती लोकांपर्यंत पोचवायला निघालेलं ते गृहपत्र पुढे घराघरांत वाचलं जाणारं मासिक झालं. लोखंडी नांगर शेतकऱ्याला पटवून द्यायचा तर आधी त्याच्याशी बोलावं लागतं, हे त्यांना कळलं होतं. तुम्ही लिहीत राहा, ताई.

अमेरिकेतला_मराठी:

रेटबद्दल. व्हर्जिनियात मार्कस शेरिडन नावाच्या माणसाची स्विमिंग पूल बसवणारी कंपनी २००८ नंतरच्या मंदीत बुडायच्या बेताला आली होती. ग्राहक जे प्रश्न विचारतात त्या प्रत्येकाचं उत्तर त्याने वेबसाइटवर लिहायचं ठरवलं, आणि त्यातला सगळ्यात चालला तो ‘फायबरग्लास पूलला किती खर्च येतो’ हा. त्यानेही एक आकडा दिला नव्हता. खर्च कशाने वाढतो, कशाने कमी होतो, साधारण कुठपासून कुठपर्यंत जातो, ते लिहिलं होतं. बाकीचे व्यावसायिक किंमत लपवत होते, म्हणून लोक त्याच्याकडे आले. तुमच्याकडे मजला, लिफ्ट आहे की नाही, जुना कोबा काढायचा की नाही, गच्चीवर टाक्या आणि सोलर हीटर किती, यावर भाव फिरत असणार. तेच लिहा.

धागाकर्ती:

सगळ्यांचे मनापासून आभार. सेक्रेटरी दादांचा मुद्दा वाचून बराच वेळ विचार करत बसले. मी आजवर ज्याचं घर गळतंय त्याच्यासाठीच लिहीत होते, सही करणाऱ्यासाठी काहीच नव्हतं.

अजून एक विचारायचं आहे. जुन्या इमारतींत आम्हाला एकावर एक टाकलेले कोब्याचे थर सापडतात. प्रत्येक ठेकेदाराने फोडायचा खर्च टाळला आणि वर नवा थर ओतला. स्लॅबवर वजन वाढत जातं. अशा ठिकाणी आम्ही सांगतो की आधी स्ट्रक्चरल ऑडिट (इंजिनिअरकडून इमारतीच्या मजबुतीची तपासणी) करा, मग आमच्याकडे या. यात आमचं काम लांबतं, कधी जातंही. हे उघड लिहावं का? भाऊ म्हणतो, लोक घाबरतील आणि दुसऱ्याला बोलावतील. मला वाटतं लिहायलाच हवं, कारण खाली माणसं राहतात.

आणि फोटोंचं: इमारतीचं नाव, पाटी दिसली तर चालेल का?

कल्याणची_वकील:

फोटोंना संस्थेची लेखी परवानगी घ्या, ईमेल चालेल. बऱ्याच संस्था नको म्हणतील, कारण फ्लॅट विकायला काढलेल्या सभासदाला ‘आमची इमारत गळते’ हे इंटरनेटवर नको असतं. नाव न देता ‘डोंबिवली पूर्वेची पस्तीस वर्षांची इमारत’ एवढं पुरतं. घरातले फोटो असतील तर त्या सभासदाचीही परवानगी हवी, आणि माणसांचे चेहरे टाळा.

ऑडिटबद्दल जरूर लिहा. उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं ऑडिट दर पाच वर्षांनी आणि ३० वर्षांवरच्या इमारतीचं दर तीन वर्षांनी करायचं असतं. म्हणजे तुम्ही घाबरवत नाही, त्यांचंच कर्तव्य सांगता. नव्या इमारतींसाठी वेगळा लेख करा: रेरा कायद्याच्या (घर घेणाऱ्यांच्या संरक्षणासाठीच्या स्थावर संपदा कायद्याच्या) कलम १४(३) प्रमाणे ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामाचा किंवा कारागिरीचा दोष दाखवला तर बिल्डरने तो स्वखर्चाने दुरुस्त करायचा असतो. तिथे तुमची गरज काम करायला नाही, पाहणीचा अहवाल द्यायला आहे. त्याची फी घ्या.

ठाणेकर_सेक्रेटरी:

थरांबद्दल लिहाच. एखाद्या ठेकेदाराने ‘मी आत्ता काम घेत नाही, आधी ऑडिट करा’ म्हटलं तर त्याचा नंबर मी कायमचा जपून ठेवीन. भावाला हे दाखवा.

धागाकर्ती:

दाखवलं. तो म्हणाला, फोडलेल्या कोब्याच्या थरांचे फोटो त्याच्या फोनमध्ये आहेत, टेप लावून काढलेले, थरांची जाडी दिसते. तेच पहिलं पान करते, इमारतीचं नाव न देता.

कमिटीसाठीच्या दोन पानांचा मसुदा पुढच्या आठवड्यात इथेच टाकते. खर्च कुणाचा, कोटेशनमध्ये काय बघायचं आणि जुलै ते मे असं वेळापत्रक, एवढंच त्यात असेल. वकील ताई, उपविधींचा भाग तुम्ही एकदा नजरेखालून घालाल का? आणि कल्याण-डोंबिवलीतले कुणी कमिटीत असाल तर वाचून सांगा, कुठलं वाक्य सभेत उभं राहून मोठ्याने वाचता येणार नाही. तेवढं बदलेन.